बाहुलीच्या केसांचं वळण

बाळाचे केस कुरळे दिसले की जावळाच्या दिवशी घरातलं कुणीतरी हमखास सुचवतं, "दोनदा चकोट करा, पुढचे सरळ येतील." वस्तरा फिरतो त्वचेच्या वर आणि केसाचं वळण ठरतं त्वचेच्या काही मिलिमीटर खाली. वयानुसार केस बदलतात हे खरं, पण त्यात वस्तऱ्याचा काही हात नसतो. हे वळण नेमकं कसं ठरतं, हा माझा अतिशय आवडता विषय आहे. तो समजावून सांगायला मला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींची बाहुली सगळ्यात जवळची वाटते, कारण तिच्या डोक्यावर हेच वळण कारखान्यात घडवावं लागलं.

१९६७ साली मॅटेल कंपनीने 'फ्रान्सी' नावाची कृष्णवर्णीय बाहुली बाजारात आणली. चेहऱ्याचा साचा गोऱ्या फ्रान्सीचाच, फक्त प्लास्टिक तपकिरी. केस लांब आणि सरळसोट. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये 'शिंदाना टॉइज' ही कंपनी उभी राहिली. शिंदाना हा स्वाहिली शब्द, अर्थ स्पर्धा करणे. १९६५ च्या वॉट्स भागातल्या दंगलीनंतर तिथल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी उभारलेल्या कामातून ती निघाली होती. त्यांच्या 'बेबी नॅन्सी'चं नाक, ओठ, गाल नव्याने घडवले होते आणि पुढे तिची आखूड, दाट कुरळ्या केसांची आवृत्तीही आली. २०२० मध्ये या बाहुलीला अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी दालनात मानाचं स्थान मिळालं.

बाहुलीचे केस म्हणजे नायलॉन किंवा सरान नावाच्या प्लास्टिकचे तंतू. सोऱ्यातून शेव पडावी तसे ते बारीक भोकांतून ओढले जातात आणि मग शिवणयंत्रासारख्या यंत्राने मऊ व्हिनाइलच्या टाळूत टाचले जातात. भोक गोल, ओढ सरळ, म्हणून तंतूही सरळ. कुरळे हवे असतील तर ते बारीक दांडीवर गुंडाळायचे, तापवायचे आणि तसेच थंड होऊ द्यायचे. म्हणजे यंत्राला सरळ केस सोपे, कुरळ्यांना वेगळी मेहनत.

आपल्या त्वचेतही असाच एक सोऱ्या असतो. त्याचं नाव रोमकूप. सरळ केसाचा रोमकूप विहिरीसारखा सरळ खाली जातो. घट्ट कुरळ्या केसाचा मात्र तळाशी हॉकीच्या काठीसारखा वळलेला असतो. या वळणावर पेशींची वाढ दोन्ही बाजूंना सारखी होत नाही. एका बाजूच्या पेशी वेगळ्या गतीने वाढतात आणि वेगळ्या टप्प्यावर केराटिन नावाच्या प्रथिनाने भरून कडक होतात. आंब्याची पोळी उन्हात एका बाजूने आधी सुकली की कडेने वळते, तसंच काहीसं. केस बाहेर येतो तो हे वळण अंगात मुरवूनच. कुरळ्या केसांचे रोमकूप त्वचेतून काढून प्रयोगशाळेत वाढवले, तर तिथेही केस कुरळाच उगवला. मेरिनो मेंढीच्या लोकरीवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंतूच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी आतल्या बाजूच्या पेशींपेक्षा लांब आढळल्या.

हा लांबीतला फरक किती लागतो? इथे थोडं गणित करू. केसाची जाडी ०.०६ मिलिमीटर धरा आणि त्याचं वेटोळं ६ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे ३ मिलिमीटर त्रिज्येचं. बाहेरची आणि आतली बाजू यांच्या लांबीतला सापेक्ष फरक म्हणजे जाडी भागिले त्रिज्या. ०.०६ भागिले ३ बरोबर ०.०२. फक्त दोन टक्के! वेटोळं निम्म्या व्यासाचं हवं असेल तर चार टक्के. इस्त्रीतली द्विधातूची पट्टी तापल्यावर याच हिशोबाने वाकते. 'चांगले केस' आणि 'वाईट केस' असा जो भेद समाज करतो, त्याच्या मुळाशी भौतिकदृष्ट्या एवढाच फरक आहे.

केराटिनच्या साखळ्यांना बांधणारे गंधकाचे बंध पक्के असतात, हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून ओला कुरळा केस ओढला की लांब होतो आणि वाळला की आक्रसून वर जातो. टाळूवरचं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, पण वेटोळ्यांवरून टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे असे केस कोरडे पडतात आणि प्रत्येक वळणाशी तुटायचा धोका असतो. ते ओले करून, मोठ्या दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे सोडवावे लागतात. हे हाताचं कसब आहे, आणि ते शिकावं लागतं.

केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे खवले असतात. गुंता सोडवलाच नाही तर ते एकमेकांत अडकून केसांचा गोळा होतो. लोकर दाबून जेन, म्हणजे जाड अंथरूण, बनवतात त्यातही हेच घडतं. आपल्याकडे त्याच गोळ्याला जट म्हणतात. देवीचा कोप म्हणून ती कापायची नाही, असं सांगत किती मुलींना यल्लम्माला सोडलं गेलं! अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन, समजूत घालून जटा कापतात. जट म्हणजे खवल्यांचा गुंता, कोप नव्हे, हीच त्यामागची समज. हौसेने राखलेल्या आणि निगुतीने सांभाळलेल्या ड्रेडलॉक्सची गोष्ट वेगळी. तिथे निवड त्या माणसाची असते.

येलित्सा जीन-चार्ल्स यांच्या 'हेल्दी रूट्स डॉल्स' या अमेरिकी कंपनीची झोई ही बाहुली मला याच कारणासाठी मोलाची वाटते. तिचे दाट कुरळे केस धुता येतात, वळता येतात, त्यांच्या वेण्या घालता येतात. प्लास्टिकचा तंतू खऱ्या केसाइतकं पाणी पीत नाही, त्यामुळे रसायन तेच नव्हे. पण बोटांना सराव होतो, आणि आपल्यासारख्या केसांना हात लावणं हे कंटाळवाणं काम न राहता खेळ होतो.

याने आत्मसन्मान वाढतो का? केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर तपकिरी आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. गोऱ्यांचे केस पिवळे, तपकिरींचे काळे, बाकी सगळं सारखं. सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी निवडली आणि ५९ टक्के मुलांनी 'वाईट दिसणारी' म्हणून तपकिरी दाखवली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवताना १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्कच्या कामाचा दाखला दिला. मात्र उत्तरेकडच्या मिश्र शाळांतल्या मुलांचा कलही गोऱ्या बाहुलीकडेच, किंबहुना किंचित जास्त होता. म्हणजे शाळा एक झाली तरी घराबाहेरच्या जगाचं वजन उरतंच. म्हणून 'ही बाहुली घ्या, मुलीचा न्यूनगंड जाईल' अशी जाहिरात दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. बाहेरचं जग सावकाशच बदलतं: अमेरिकेत केसांवरून भेदभाव करू नये असा कायदा करणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, आणि तेसुद्धा २०१९ मध्ये.

आणखी एक बाहुली मला फार आवडते. टीना लसिसी आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासात शरीराइतक्या तापणाऱ्या एका पुतळ्याला मानवी केसांचे सरळ, मध्यम कुरळे आणि घट्ट कुरळे असे तीन विग आळीपाळीने घातले आणि दिव्यांचं कृत्रिम ऊन पाडलं. तिन्ही विगांनी टाळूला उन्हापासून वाचवलं. पण डोकं थंड ठेवायला सगळ्यात कमी घाम पुरला तो घट्ट कुरळ्या केसांखाली.