‘एकच कॉर्ड, बाकी सगळं मशीन वाजवतं’? डब टेक्नोबद्दल थोडा खुलासा

“एक कॉर्ड टाकायची, लूप लावायचा आणि चहा प्यायला जायचं.” डब टेक्नो या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या प्रकाराबद्दल हे मी कित्येक वर्षं ऐकतोय. हे साफ चुकीचं आहे.

कॉर्ड (एकत्र वाजणारे काही सूर) बऱ्याचदा एकच असते आणि ठेकाही मशीनचाच, हे मान्य. पण ती कॉर्ड डिलेमध्ये, म्हणजे पडसाद उठवणाऱ्या यंत्रात सोडली, की खरं काम सुरू होतं. फीडबॅकचं बटण जरासं फिरवलं की पडसादावर पडसाद चढत जातात; किंचित जास्त झालं तर नुसता कल्लोळ, म्हणून वेळीच मागे घ्यायचं. फिल्टर सावकाश उघडत नेला, की भिंतीपलीकडून येणारा तोच आवाज हळूहळू कानाशी येतो. तो उदास, धूसर माहोल या हातानं घडतो.

ही कला, म्हणजे ‘डब’, जमैकाची. १९७०च्या दशकात किंग्स्टनमध्ये किंग टबी हे ध्वनी अभियंते मिक्सिंग डेस्कच वाद्यासारखा वाजवत: गायकाचा आवाज काढून ड्रम-बेस उरवायचे आणि मधूनच एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. बर्लिनमध्ये १९९३ साली मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क अर्नेस्टुस यांनी ‘बेसिक चॅनल’ हे रेकॉर्ड लेबल सुरू केलं आणि डेट्रॉइटच्या टेक्नोला हीच रीत जोडली.

मागची खरखरही खराब रेकॉर्डिंग नव्हे. ती मुद्दाम ठेवलेली असते.

तानपुऱ्यात रमणाऱ्या कानांना हे संगीत परकं वाटू नये. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचा बेस तिथे गायबच होतो. चांगले हेडफोन लावा आणि निदान दहा मिनिटं त्या एका कॉर्डच्या मागे मागे जा.