अठरा वर्षांखालचा गुन्हेगार ‘सुटतो’ का?

‘अठराच्या आतल्या मुलानं काहीही केलं तरी कायदा त्याला सोडून देतो,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

तुरुंग नाही म्हणजे काहीच नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 18 वाचा. गुन्हा शाबित झाल्यावर बाल न्याय मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकतं, तसंच समुपदेशन, समाजसेवा, दंड, देखरेखीखाली ठेवणं किंवा तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात (अशा मुलांच्या सुधारगृहात) पाठवणं, असे आदेशही देऊ शकतं. शाळा किंवा व्यसनमुक्ती उपचारांची सक्ती वेगळीच. मोकळं सोडणं ते हे नव्हे.

गुन्हा किमान सात वर्षं शिक्षेचा आणि वय सोळा ते अठरा असेल, तर कलम 15 नुसार मुलाची समज व मानसिक क्षमता तपासतात. मग प्रकरण बाल न्यायालयात जाऊन प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. दोषी ठरल्यास एकविशीपर्यंत ‘सुरक्षित स्थळी’, म्हणजे तुरुंग नसलेल्या संस्थेत, ठेवतात. त्यानंतर सुधारणा पाहून सुटका होते, किंवा उरलेली शिक्षा तुरुंगात भोगावी लागते. फाशी मात्र नाही (कलम 21).

अधिनियम सरकारच्या ‘इंडिया कोड’ संकेतस्थळावर फुकट मिळतो. कलमं 15, 18 ते 21 एवढीच वाचली तरी पुरे.