रक्ततपासणीत न सापडणारे मँगनीज

ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात मँगनीज या धातूचे काळे खनिज दळणाऱ्या काही कामगारांच्या पायांतील बळ गेले आहे आणि आवाज क्षीण झाला आहे, अशी नोंद ग्लासगोच्या जेम्स कूपर यांनी १८३७ साली केली. त्याला जवळजवळ दोन शतके उलटली, तरी खाणी, फेरोमँगनीजच्या (लोखंड आणि मँगनीज यांच्या मिश्रधातूच्या) भट्ट्या, कोरड्या बॅटऱ्यांचे कारखाने आणि सर्वांत जास्त संख्येने वेल्डिंगची कामे, अशा ठिकाणी हा धोका आजही आहे.

मँगनीज मुळात शरीराला हवेच असते. कित्येक विकरांचे (एन्झाइमांचे) काम त्यावर चालते. अन्नातून आलेल्या मँगनीजपैकी जेमतेम तीन ते पाच टक्के आतड्यांत शोषले जाते आणि जादा झालेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासावाटे येणाऱ्या मँगनीजला मात्र ही चाळणी लागत नाही. वेल्डिंगच्या धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचतात आणि तिथून मँगनीज यकृताकडे न जाता थेट रक्ताभिसरणात मिसळते. मेंदूत ते प्रामुख्याने हालचालींचे नियमन करणाऱ्या खोलवरच्या केंद्रांत साठते.

लक्षणांची सुरुवात बहुधा हालचालींपासून होत नाही, आणि निदान चुकते ते इथेच. चिडचिड, झोप न लागणे, कारण नसताना हसू किंवा रडू कोसळणे, विसरभोळेपणा अशा तक्रारींचे खापर घरचे लोक स्वभावावर किंवा कामाच्या ताणावर फोडतात. पुढे अक्षर बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे भाव गोठतात, माणूस टाचा न टेकवता चवड्यांवर चालू लागतो आणि उलटे पाऊल टाकताना तोल जाऊन पडतो. हे चित्र कंपवाताच्या (पार्किन्सनच्या आजाराच्या) जवळचे असले, तरी स्थिर हाताचा कंप इथे कमी आढळतो आणि कंपवातावरील लेव्होडोपा या औषधाचा टिकाऊ उपयोग सहसा होत नाही. इजा पक्की झाल्यावर काम सोडले, तरी आजार पुढे वाढत राहू शकतो. शरीरातील मँगनीज बाहेर काढणारी औषधे अशा टप्प्यावर फारशी कामी येत नाहीत.

मग वेळच्या वेळी रक्त तपासले की झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण रक्तातील प्रमाण मुख्यतः अलीकडच्या संपर्काविषयी सांगते, वर्षानुवर्षांच्या साठ्याविषयी फारच थोडे. लघवीची तपासणी त्याहून कमी उपयोगाची, कारण मँगनीजची वाट पित्तातून आहे. शिवाय लोह आणि मँगनीज यांना आतड्यात एकच वाहक प्रथिन आत घेते, त्यामुळे लोहाची कमतरता असलेल्या व्यक्तीच्या रक्तात मँगनीज वाढलेले दिसू शकते. यकृताचा आजार असल्यास ते बाहेर पडण्याची वाटच अरुंद होते. म्हणून लोह आणि यकृत या दोन्हींच्या तपासण्या कामावर घेतानाच व्हायला हव्यात. एमआरआयमध्ये मँगनीजमुळे मेंदूतील ठरावीक भाग उजळ दिसतो, परंतु संपर्क थांबल्यावर काही महिन्यांत ही खूण फिकी पडते. त्यामुळे काम सोडून वर्ष लोटलेल्या माणसाचा एमआरआय स्वच्छ आला, एवढ्यावरून मँगनीजला निर्दोष ठरवता येत नाही.

खरी देखरेख हवेपासून सुरू होते. कामगाराच्या कॉलरजवळ, वेल्डरच्या बाबतीत शक्यतो शिरस्त्राणाच्या आत, नमुना घेणारे छोटे साधन पूर्ण पाळीभर लावून ठेवावे लागते. शेडच्या कोपऱ्यातील यंत्र त्या माणसाच्या नाकाशी काय पोहोचते ते सांगू शकत नाही. किती प्रमाण चालेल, यावर मात्र एकमत नाही. अमेरिकेतील कायदेशीर कमाल मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम आहे, तर तिथल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली श्वसनयोग्य सूक्ष्म कणांसाठी ०.०२ मिलिग्रॅमची शिफारस केली. दोन्ही आकडे एकाच प्रकारच्या कणांचे नसले, तरी ही दरी डोळ्यांत भरणारी आहे. केवळ कायदा पाळला एवढ्यावर समाधान मानणे मला धोक्याचे वाटते. धूर निघतो तिथेच ओढून घेणारी शोषणव्यवस्था आधी, मुखवटा त्यानंतर, हा क्रम पाळावा लागतो.

हवेच्या जोडीला माणसाची तपासणी लागते, आणि त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. बारीक छिद्रात कांडी धरून हात किती स्थिर राहतो, दिवा लागल्यावर बटण दाबायला किती वेळ लागतो, बोटाने किती वेगाने टकटक करता येते, हे कामाच्या पहिल्या आठवड्यात मोजून ठेवले, तर पुढच्या प्रत्येक वर्षी त्याच माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करता येते. बेल्जियममधील एका बॅटरी कारखान्यातील कामगारांमध्ये अशाच चाचण्यांनी, उघड आजार दिसत नसतानाही, फरक टिपला होता. तिथली धूळ कमी केल्यानंतर कमी संपर्क असलेल्या गटात हात आणि डोळ्यांचा मेळ सुधारला; हाताची स्थिरता व प्रतिसादाचा वेग यांत मात्र तशी स्पष्ट सुधारणा दिसली नाही.