‘थंड’ बाई कुठून आली?

बाईला संभोगात सुख मिळत नसेल तर ती ‘थंड’, असा शेरा आपल्याकडे सहज मारला जातो. या समजुतीला शास्त्राचा शिक्का मिळाला तो व्हिएन्नात. मुलीचं लैंगिक सुख आधी शिश्निकेत, म्हणजे क्लिटोरिसमध्ये असतं आणि वयात आल्यावर ते योनीकडे सरकायला हवं, असं १९०५ साली तिथल्या मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडने मांडलं. ज्यांचं सरकलं नाही, त्या अपुऱ्या वाढलेल्या.

हे ज्यांनी मनाला लावून घेतलं त्यांत मारी बोनापार्त ही होती, नेपोलियनच्या घराण्यातली राजकन्या. आपल्याला संभोगात सुख का मिळत नाही, या प्रश्नाने तिला ग्रासलं होतं. दोष अंतराचा असावा असं तिला वाटलं. म्हणून बायकांच्या शिश्निका आणि योनीमुखातलं अंतर मोजून तिने १९२४ मध्ये टोपणनावाने निबंध छापला. मग स्वतःची शिश्निका योनीजवळ सरकवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि तीही एकदा नव्हे. उपयोग शून्य. सिद्धांत चुकलेला असेल असा विचार करण्याऐवजी तिने स्वतःवर सुरी चालवून घेतली, हे वाचताना अजूनही अंगावर काटा येतो.

गंमत म्हणजे शरीराची माहिती नव्हती असं नाही. शिश्निका आपण शोधली, असं इटलीतल्या शरीररचनातज्ज्ञ रेआल्दो कोलोंबोने १५५९ मध्येच छापून टाकलं होतं. (बायकांना ती आधीपासून ठाऊक असेल, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.) जर्मनीतल्या कोबेल्ट या शरीररचनातज्ज्ञाने १८४४ मध्ये तिची आतली रचनाही तपशिलात काढून दाखवली होती. पुढे ते सगळं मागे पडलं. बाहेर दिसतो तो फक्त शेंडा, बराचसा भाग योनीच्या दोन्ही अंगांनी आत पसरलेला असतो, हे ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओ’कॉनेल यांना १९९८ मध्ये नव्याने दाखवावं लागलं. आपल्याकडे वात्स्यायनानेही बाईला सुख मिळतं की नाही यावरचे जुन्या आचार्यांचे वाद नोंदवले आहेत, आणि तिला आधी तृप्ती मिळावी अशा बेताने पुरुषाने वागावं असा कौल दिला आहे. तेही पोथीतच राहिलं.

मराठीत हा विषय उघडपणे आणला तो र. धों. कर्वे यांनी. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. गर्भ राहण्याची धास्ती गेल्याशिवाय बाई मोकळेपणाने सुख घेऊ शकत नाही आणि त्या सुखावर तिचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे ते सरळ लिहीत. लोकसंख्या हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्हता. सरकारी भिंतींवरच्या ‘हम दो’मुळे हे आपण विसरलो. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. कर्वे खटला हरले, दंड भरला आणि मासिक चालूच ठेवलं.

कर्वे १९५३ मध्ये गेले. त्याच वर्षी अमेरिकेत लैंगिक वर्तनाचा अभ्यासक किन्सी याचा स्त्रियांवरचा अहवाल आला. सुमारे सहा हजार बायकांना थेट विचारून केलेला. १९६६ मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी प्रयोगशाळेत पाहिलेलं मांडलं, तर स्पर्श कुठेही असो, उत्कटबिंदूला, म्हणजे सुखाच्या शिखरावर, शरीरात घडतं ते एकच. शिश्निकेचं सुख वेगळं आणि योनीचं वेगळं, हे फ्रॉइडचे दोन प्रकार तिथे संपले.

किन्सीच्याच संस्थेतून पुढे एक साधं चित्र आलं: कामेच्छेला अॅक्सिलरेटर असतो तसा ब्रेकही असतो. दुखेल ही भीती, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा, नैराश्यावरची काही औषधं, नवऱ्यावरचा राग, दिवसभराचा शीण, हे सगळे ब्रेक. अशा वेळी नुसता अॅक्सिलरेटर दाबून भागत नाही. चाळीतल्या दोन खोल्यांत, पडद्यापलीकडे सासू खोकत असताना, श्वासाचाही आवाज होऊ नये म्हणून जपणाऱ्या बाईला कुणी ‘थंड’ म्हटलं असेल, तर तिचा पाय कुठल्या ब्रेकवर होता हे विचारायचं राहूनच गेलं.