सह्याद्री ते आसाम: सारख्या जीवांचे कोडे

महाधनेश पक्षी कोकणातल्या तिलारीत आणि गोव्याच्या रानात दिसतो, मग थेट हिमालयाच्या पायथ्याला आणि ईशान्य भारतात. निलगिरीवरून उत्तरेकडे निघालात, तर तिथला लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन वृक्ष पुन्हा भेटतो तो हिमालयातच. मध्ये सगळा कोरडा मुलूख. मग हे जीव दोन्हीकडे पोहोचले कसे?

एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांनी हिमयुगाकडे बोट दाखवले. थंडी वाढली तेव्हा हिमालयातले जीव दक्षिणेत उतरले आणि हवा तापल्यावर डोंगरमाथ्यांवर अडकले, असे त्यांचे म्हणणे. पक्ष्यांना, झाडांना हे लागू पडेलही. माशांचे काय?

हा प्रश्न सुंदरलाल होरा यांचा. ते भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते आणि डोंगरी ओढ्यांतले मासे हा त्यांचा खास विषय. या माशांचे पोट चपटे असते आणि आडवे पसरलेले पंख खडकाला घट्ट चिकटतात, म्हणून धो-धो प्रवाहातही ते टिकून राहतात. असा मासा मैदानातल्या संथ, कोमट, गाळाच्या पाण्यात जगेल कसा? त्याला सलग डोंगर आणि भरपूर पाऊस हवा. होरांनी नकाशावर तशी वाट शोधली: आसामच्या डोंगरांतून झारखंडमधल्या राजमहाल टेकड्या, तिथून विंध्य-सातपुडा आणि शेवटी सह्याद्री. मेघालयातल्या गारो टेकड्या आणि राजमहाल यांमधला आजचा सखल पट्टा तेव्हा नव्हता, असे त्यांनी मानले. हाच ‘सातपुडा सिद्धान्त’. 1949 मध्ये त्यावर परिसंवाद झाला. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनीही पक्ष्यांच्या बाजूने सातपुड्याच्या वाटेची चर्चा केली.

एका माशाच्या पोटावरून डोंगररांगांचा इतिहास विचारणे, ही झेप मला फार मोठी वाटते. पण पुढे डीएनए तपासला गेला आणि काही जोड्या तुटल्या. निलगिरी ताहर हा शेळीसारखा डोंगरी प्राणी हिमालयी ताहरचा सख्खा भाऊ समजला जाई; 2005 च्या अभ्यासात तो मेंढ्यांच्या जवळचा निघाला. दक्षिणेतल्या काही हसऱ्या कस्तुर पक्ष्यांना (laughingthrush) 2017 मध्ये स्वतंत्र प्रजात (genus) मिळाली, कारण त्यांचा वंश फार आधीच वेगळा झाला होता. म्हणजे दिसण्यातले साम्य नात्याचा पुरावा म्हणून पुरत नाही, आणि सगळ्यांची वाटही एकच नव्हती.

तरी सातपुडा या चर्चेतून बाद होत नाही. भीमाशंकरचा शेकरू सातपुड्यातल्या पचमढीतही आहे, मेळघाटातही. ओल्या दऱ्यांच्या आधाराने तो आजही तिथे टिकून आहे, आणि त्या दऱ्यांतले जुने वृक्ष तुटले तर हा पुरावाच नाहीसा होईल.