सात पानांची फांदी जंगली? नाही हो!

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गुलाबाचं कलम आणलं की कोणीतरी सांगतंच, एका देठाला पाच पानं असलेली फांदी खरी, सात असलेली जंगली, कापून टाक. असं नसतं हो! चांगल्या कलमी गुलाबालाही, जोमदार नव्या फुटव्यावर तर बऱ्याचदा, सात पानं दिसतात, आणि लोक फुलं देणारी फांदीच छाटून बसतात, बघून जीव तुटतो. पानं मोजू नका, बुंध्याची माती थोडी बाजूला करा नि फांदी कुठून फुटलीय ते बघा, डोळा भरलेल्या, म्हणजे कलम जोडलेल्या, गाठीच्या खालून असेल तर ती खुंटाची, म्हणजे कलम ज्यावर बांधलंय त्या जंगली गुलाबाची, तेवढीच मुळापासून ओढून काढायची. तुळशीच्या लग्नाला फुलदाणीसाठी लांब दांड्याची फुलं हवीत तर ग्लॅडिएटर जातीचा गुलाब लावा, सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की छाटा, साधारण दीड महिन्यात फुलतो.