बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर तोंड झोंबतंय?

पुण्यात मिसळ खाताना डोळ्यांत पाणी आलं तर कुणाला नवल वाटत नाही. पण साधा वरण-भातही झोंबू लागला आणि त्या माणसाचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालेलं असेल, तर 'उष्णतेनं तोंड आलंय' म्हणत गुलकंद आणि बी-कॉम्प्लेक्सवर दिवस काढू नयेत. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना लगेच कळवावं.

ट्रान्सप्लांटमध्ये मिळालेल्या दात्याच्या पेशींनी रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णाला जीवदान मिळतं. मात्र त्यांतल्या टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना, रुग्णाचं शरीर परकं वाटलं, तर त्या त्याच्यावरच उलटतात. हाच जीव्हीएचडी, म्हणजे 'ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज'. त्याच्या क्रॉनिक, म्हणजे दीर्घकाळ चालणाऱ्या प्रकारात त्वचा, डोळे, यकृत यांच्याबरोबर तोंडालाही बऱ्याचदा झळ बसते.

उजेडात गाल ओढून आत पाहिलं, तर पांढऱ्या रेषांची जाळी दिसते. आजूबाजूला लाली असते, कधी पिवळट थराचे दुखरे व्रणही. ही जाळी पुसून निघत नाही. दह्यासारखा पांढरा थर पुसला जात असेल, तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो आणि त्याचं औषध वेगळं. जेवताना टाळूवर लाळेचे बारीक फोडही येतात. ते आपोआप जातात, टोचू नयेत.

मला जास्त काळजी वाटते ती दातांची. लाळग्रंथींवर हल्ला झाला की तोंड कोरडं पडतं. दातांना सांभाळणारी लाळच आटल्यामुळे हिरडीलगत कीड भराभर पसरते. त्यात पुदिन्याची टूथपेस्ट झोंबते म्हणून माणूस ब्रश करणंच टाळतो. अशा वेळी मऊ ब्रश आणि पुदिना नसलेली, पण फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी. जादा फ्लोराइडची गरज दंतवैद्य ठरवतील. ठेचा, चिंच, लिंबू काही काळ बाजूला ठेवावं.

डॉक्टर अनेकदा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गुळण्या देतात. भरकन चूळ भरून थुंकलं तर त्यांचा उपयोग होत नाही. औषध 4 ते 6 मिनिटं तोंडात खेळवून थुंकायचं आणि नंतर किमान 15 मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. घरच्यांनी घड्याळ लावून द्यावं, इतकं हे महत्त्वाचं आहे.

या रुग्णांना तोंडाच्या कॅन्सरचा धोका पुढे अनेक वर्षं राहतो. त्यामुळे तंबाखू, मिश्री, सुपारी पूर्ण बंद. दर 6 महिन्यांनी तोंड तपासून घ्यावं आणि न भरणारी जखम किंवा गाठ दिसली तर तेवढंही थांबू नये. दात काढायचा असेल, तर दंतवैद्यांनी आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.